बिऱ्हाडाचे घर कसे होते

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेत वडील मंडळींच्या वतीने वाचलेले भाषण)



या मंगल प्रसंगी वडील मंडळींनी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही काही वक्ते नव्हेत. या धर्मग्रामाच्या आरंभी जी कुटुंबे येथे आली, त्यांतील उरलेली आम्ही काही म्हातारी माणसे. आमच्यापैकी कोणी कारखान्यात घण मारला, कोणी विटा वाहिल्या, कोणी लोकांची धुणीभांडी केली, तर कोणी शाळेत मुलांस चार अक्षरे शिकविली. म्हणून एके सायंकाळी आम्ही सर्व एकत्र बसलो, जे जे आठवले ते एकमेकांस सांगितले, आणि ते आमच्यातील एकाने लिहून काढले. तेव्हा या भाषणात ‘आम्ही’ हा शब्द वारंवार येईल तो मोठेपणाचा नव्हे; तो खरोखरच अनेकांचा आहे, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे.

मंदिराचा पाया केव्हा घातला, घंटा कोणी आणली, कोणकोणते धर्मगुरू येथे येऊन सेवा करून गेले, हा वृत्तान्त या स्मरणिकेत अन्यत्र आलाच आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते याहून लहान आणि घरगुती आहे. परक्या शहरात आलेला मनुष्य तेथे रुळतो कसा? आपल्या भाषेत बिऱ्हाड आणि घर असे दोन शब्द आहेत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो; विंचवाचे घर पाठीवर, असे कोणी म्हणत नाही. बिऱ्हाड भाड्याने मिळते, उचलून नेता येते, आणि सोडल्यावर मागे काही उरत नाही. घराचे तसे नाही. आम्ही सर्व या पुणे शहरात बिऱ्हाडे घेऊन आलो. त्यांची घरे केव्हा आणि कशी झाली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आमच्यापैकी बहुतेकांचे मूळ गाव अहमदनगर जिल्ह्यात. २०२४ सालापासून त्या जिल्ह्यास अहिल्यानगर म्हणतात. कोणी राहुरीकडचे, कोणी संगमनेरकडचे, कोणी श्रीरामपूर-नेवाशाकडचे. त्या भागात जर्मनीहून आलेल्या जेझुइट धर्मगुरूंनी आमच्या आजे-पणज्यांस स्नानसंस्कार दिला. जमीन बहुतेकांस नव्हतीच. ज्यांस होती त्यांची ती कोरडवाहू. १९७२ साली पाऊस रुसला. त्याच्या आधीची वर्षेही बेताचीच गेली होती. विहिरींचे तळ दिसू लागले, दावणीची जनावरे मिळेल त्या किमतीस गेली, आणि सुगीच्या दिवसांत खळी ओस पडली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सरकारी दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे होती. त्यांत आमचे आईबाप होते आणि आम्हीही होतो. आम्ही खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, मिलोच्या तांबड्या भाकरी खाल्ल्या; मुलांस सुकडी मिळे. देवाच्या कृपेने व त्या कामांच्या आधाराने जीव वाचले. परंतु केवळ आभाळाकडे पाहून संसार चालणार नाही, हे मनात पक्के झाले. निघताना आमच्यातील एकाचे वडील म्हणाले, “पाऊस पडला की परत या.” पुढे पाऊस पडला. आम्ही परत गेलो नाही.

पुण्याची वाट आमच्या जिल्ह्यास नवी नव्हती. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली, ती पुणे व अहमदनगर यांच्याच दरम्यान. अंतर म्हणाल तर सुमारे १२० किलोमीटर. सकाळी निघालेला मनुष्य दुपारी पोहोचतो. परंतु जो बाजारहाट करून परतावयाचा आहे त्याचे अंतर निराळे, आणि जो परतावयाचा नाही त्याचे निराळे. गाडीच्या टपावर एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि दोन पितळी भांडी, एवढे आमचे सामान. मरियामातेची तसबीर मात्र आमच्या स्त्रियांनी टपावर जाऊ दिली नाही. लुगड्यात गुंडाळून त्या ती मांडीवर घेऊन बसल्या.

शहरात उतरल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आमची जी तारांबळ उडाली, ती आठवून आज आम्ही हसतो. पुण्यातील पेठांस वारांची नावे आहेत. सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या पेठा येथे आहेत. आमच्यातील एका गृहस्थास कोणी कामासाठी ‘बुधवारात या’ असे सांगितले. तो बिचारा बुधवारची वाट पाहत घरी बसला; बुधवारी गेला तेव्हा त्याची जागा दुसऱ्यास मिळाली होती. पत्ता विचारावा तर लोक जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, पत्र्या मारुती अशा खुणा सांगत. आम्हांस वाटे, ही मंडळी थट्टा करीत आहेत. भर दुपारी दुकानात जावे तर दुकानाच्या फळ्या लागलेल्या. गावी दुकानदारास हाक मारली की तो जेवणावरून उठून येई; येथे दुपारची झोप मोडण्याची कोणाची छाती नव्हती. या गोष्टी क्षुल्लक खऱ्या. परंतु दिवसातून दहा वेळा क्षुल्लक गोष्टीत चुकणारा मनुष्य रात्री स्वतःस अडाणी समजू लागतो. हे दुःख परक्या शहरात आलेल्या प्रत्येकाच्या वाट्यास येते, आणि ते कोणास सांगताही येत नाही.

याहून कठीण प्रसंग जागा शोधण्याचा. एका वाड्यात आम्ही खोली पाहिली. भाडे ठरले, अनामत रक्कम काय द्यावयाची तेही ठरले. मालकाने शेवटी नाव विचारले. नाव सांगितले, तेव्हा गाव विचारले. गाव सांगितले, तेव्हा ‘गावात तुमची वस्ती कोणत्या बाजूस?’ असे विचारले. त्या प्रश्नाचा अर्थ आम्हांस समजला. दुसऱ्या दिवशी खोली दुसऱ्यास दिल्याचे उत्तर मिळाले. परंतु पुढे महिनाभर त्या खोलीस कुलूपच होते. त्या गृहस्थाविषयी आज आमच्या मनात राग उरलेला नाही. ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण निराळे आहे. बंद दार बाहेरून कसे दिसते, ते आम्ही पाहिले आहे. त्याचा विसर आम्हांस पडू नये, एवढ्यासाठीच ती सांगितली. अखेर ओढ्याच्या काठी पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती, तेथे आम्हांस आसरा मिळाला. उन्हाळ्यात पत्रा तापे, पावसाळ्यात ओढा उंबरठ्याशी येई. परंतु नाव विचारून खोली नाकारणारा तेथे कोणी नव्हता.

मग सुरू झाली ती रोजची धडपड. पुरुष पहाटे चौकातल्या मजूर अड्ड्यावर जाऊन उभे राहत. मुकादम येई, दंड दाबून पाही, आणि ‘तू, तू आणि तू’ असे म्हणून पुढे चालू लागे. ज्यांस त्याने बोट दाखविले त्यांच्या चुली त्या दिवशी पेटत. पुढे काहींस पिंपरी-चिंचवडच्या बाजूस कारखान्यांत कामे मिळाली. प्रथम हेल्पर म्हणून, तीही तात्पुरती. तिसऱ्या पाळीहून परतणारा बाप आणि शाळेस निघालेले मूल यांची भेट बहुधा दारातच होई. स्त्रियांची लढाई नळावर असे. नळास पाणी पहाटे येई, आणि हंडे-कळशांची रांग आदल्या रात्रीच लागे. रेशनकार्ड हवे असेल तर गावच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, असे सांगत. दाखला आणण्यास गावी जावे तर दोन दिवसांची मजुरी बुडे. मुलास शाळेत घालावे तर जुनी शाळा सोडल्याचा दाखला हवा. कागदावाचून शहरात मनुष्य मनुष्यच नाही, ही गोष्ट आम्ही पहिल्या वर्षी शिकलो.

मुलांचे दुःख आणखी निराळे. आमची मुले ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ म्हणत. वर्गात हशा पिके. एक मुलगी तर आठ दिवस शाळेत बोललीच नाही. बाईंनी प्रेमाने कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “मला तुमची मराठी येत नाही.” भाषा एकच, परंतु त्या लेकरास ती परकी झाली होती. येथे आम्हांस एका थोर पुरुषाची आठवण होते. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडात जन्मले आणि १५७९ साली गोमंतकात आले. तेथील लोकांची बोली आणि ग्रंथांची मराठी त्यांनी अशी आत्मसात केली की, १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. तसेच फादर हेन्री डोरिंग. हे जर्मन, यांनी १९०३ साली आमच्याकरिता ‘निरोप्या’ हे मराठी मासिक काढले, १९०७ साली ते पुण्याचे महागुरू झाले, १९२१ साली त्यांस जपानात हिरोशिमा येथे पाठविण्यात आले, आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्यास आले. ज्यांनी आमच्या पूर्वजांस श्रद्धा दिली, ते स्वतः परक्या गावी नवखे म्हणूनच उतरले होते. त्यांसही शब्द चुकले असतील, वाटा चुकल्या असतील, आणि लोक त्यांसही हसले असतील. मुलांस आम्ही हेच सांगत असू. नवखेपणाची लाज बाळगण्याचे कारण नाही.

पुढे आम्ही या शहरास जसजसे ओळखू लागलो, तसतसे एक आश्चर्य आमच्या ध्यानात आले. ज्यांस आम्ही येथले जुने रहिवासी समजत होतो, त्यांतील पुष्कळजण एकेकाळी आमच्यासारखेच नवखे होते. पिंपरीस सिंधी बांधवांची मोठी वस्ती आहे. १९४७ सालच्या फाळणीत घरदार सोडून आलेल्या लोकांची ती छावणी होती. जेथे आमच्यातील काहींनी कामे केली ती पिंपरीची औद्योगिक वाढही जुनी नव्हे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना तेथे १९५४ साली निघाला. खुद्द पेठांतील लोकांचे पाहावे तर १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, वाडे कोसळले, आणि हजारो कुटुंबे एका दिवसात उघडी पडली. गोखलेनगरसारख्या वसाहती त्या पूरग्रस्तांसाठीच उभ्या राहिल्या. नळावर आमच्या शेजारी उभी राहणारी एक वृद्ध ब्राह्मण बाई एकदा म्हणाली, “अगं, मीसुद्धा एका पातळावर बाहेर पडले होते.” त्या दिवसापासून ती आमच्या स्त्रियांस परकी वाटली नाही.

आपल्या धर्मबांधवांचेही तसेच. पुण्यातील सर्वांत जुने कॅथलिक मंदिर, ज्यास सिटी चर्च म्हणतात, ते १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिले. पेशव्यांच्या फौजेत चाकरीस असलेले गोमंतकीय व पोर्तुगीज ख्रिस्ती शिपाई दूर देशीचे होते. त्यांस उपासनेस जागा नव्हती. निराळ्या धर्माच्या राज्यकर्त्याने ती दिली. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी या शहरात आपला पाय रोवला गेला, तो कोणी तरी नवख्यांस जागा करून दिली म्हणून. ही गोष्ट आपण सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

आता आम्ही रुळलो कसे, ते सांगतो. मुंबईस धोबीतलावाच्या बाजूस गोमंतकीय बांधवांचे गावोगावचे क्लब आहेत. त्यांस ते कूड म्हणतात. आगबोटीवर नोकरी शोधण्यास आलेला खलाशी किंवा आचारी सरळ आपल्या गावच्या क्लबात जाई. तेथे त्याची पेटी ठेवण्यास जागा असे, अंथरूण पसरण्यास जागा असे, भाडे अगदी थोडे, आणि सायंकाळी वेदीपुढे सर्वांनी मिळून जपमाळ म्हणावयाची असा नियम असे. त्यामुळे मुंबईसारख्या अफाट शहरात तो एकटा पडत नसे. आमच्याजवळ असे काही नव्हते. आमच्या गावांनी शहरात खोली घेऊन ठेवावी एवढी त्यांची ऐपत कोठली? परंतु जपमाळ होती. शनिवारी सायंकाळी आम्ही आळीपाळीने एकेकाच्या खोलीत जमू लागलो. खोली दहा फुटांची; पुरुष बाहेर पोत्यावर बसत, स्त्रिया आत. जपमाळ झाली की गुळाचा चहा होई, आणि मग खरे बोलणे सुरू होई. कोणत्या कारखान्यात माणसे घेतात, कोणता मुकादम पैसे बुडवितो, कोणत्या दवाखान्यात डॉक्टर नीट पाहतात, दाखल्यासाठी कोणत्या खिडकीपाशी उभे राहावयाचे, हे सारे तेथेच कळे. कोणी गावी निघाला की पाच घरांचे निरोप आणि दहा घरांचे कागद तोच घेऊन येई. त्यामुळे प्रत्येकाची दोन दिवसांची मजुरी वाचे. याच बैठकीत आम्ही भिशी सुरू केली. दरमहा पाच रुपये प्रत्येकाने टाकावयाचे, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्यास सर्व रक्कम मिळावयाची. परंतु कोणाकडे आजारपण असले तर चिठ्ठी न काढताच त्यास रक्कम द्यावी, असा अलिखित नियम पडला. तो कोणी घातला, हे आज कोणासही आठवत नाही.

रविवारी मिस्सेसाठी दूरच्या मंदिरात चालत जावे लागे. तेथे आम्ही मागच्या बाकांवर बसत असू. प्रार्थना इंग्रजीत, आम्हांस अर्थ उमजत नसे, परंतु केव्हा गुडघे टेकावयाचे ते समोरच्यांस पाहून कळे. पुढे एका धर्मगुरूंनी आमच्या रांगेत येऊन, पत्र्याच्या खोलीत ओणवे शिरून, आमची नावे आपल्या वहीत लिहून घेतली. नंतर शाळेच्या एका वर्गात मराठी मिस्सा सुरू झाली. फळ्यावर आदल्या दिवशीचे गणित तसेच असे, आणि शिक्षकाच्या टेबलावर वेदी मांडली जाई. या धर्मग्रामाचा जन्म झाला तो त्या वर्गात. ज्या दिवशी आपले नाव कोणी तरी वहीत प्रेमाने लिहिले, त्या दिवशी आम्हांस प्रथम वाटले की, आम्ही या शहरात आलो आहोत, हे कोणास तरी ठाऊक आहे.

तरीही ते घर नव्हते. सणावारास आम्ही ‘घरी जातो’ असे म्हणत असू ते गावाविषयीच. मग एका पावसाळ्यात आमच्यातील एका कुटुंबातील आजी वारली. मृत्यू हा गावी असता तर काय करावयाचे ते सर्वांस ठाऊक होते. येथे आम्ही गोंधळलो. पेटी कोठे मिळते, दफनभूमीत जागेसाठी कोणास भेटावयाचे, पावती कोठे फाडावयाची, काहीच माहीत नव्हते. त्या रात्री आमच्या रांगेतील लोक आपण होऊन उठले. एका मुसलमान रिक्षावाल्याने आपली रिक्षा रात्रभर आमच्या दाराशी उभी ठेवली. कारखान्यातील एक सोबती सकाळी सायकलीवरून धर्मगुरूंकडे व महापालिकेच्या कचेरीत जाऊन आला. ओढ्यात पाणी चढले होते. पेटी खांद्यावर घेऊन ते पाणी ओलांडताना पुढे कोण व मागे कोण, हे कोणी पाहिले नाही. दफन करून परत आलो तेव्हा दारात पिठले-भाकरीच्या टोपल्या ठेवलेल्या होत्या. ज्या घरात मृत्यू झाला तेथे त्या दिवशी चूल पेटत नाही, हा आपल्या देशीचा रिवाज. तो त्या शहरी रांगेतही पाळला गेला. नळावरच्या त्या वृद्ध बाईनेही आपल्या हातचे पिठले पाठविले होते.

आम्ही सर्व एकमताने सांगतो की, त्या दिवशी आमच्या बिऱ्हाडांची घरे होऊ लागली. जेथे आपले माणूस पुरले ते आपले गाव. पुढच्या मृतात्म्यांच्या दिवशी, नोव्हेंबरात, मेणबत्त्या लावण्यास आम्ही गावी गेलो नाही; येथल्याच दफनभूमीत गेलो.

त्यानंतर वर्षभराने गावाकडून एक नवे कुटुंब आले. नवरा-बायको, दोन मुले, वळकटी आणि ट्रंक. ते आमच्याकडे आले, कारण कोणी तरी त्यांस आमचा पत्ता दिला होता. आमच्या दहा फुटांच्या खोलीत ते बावीस दिवस राहिले. अडचण झाली, भांडणही झाले, ते लपविण्यात अर्थ नाही. परंतु बुधवार पेठ ही पेठ असते, वार नव्हे, हे त्यांस आम्ही सांगितले. दाखल्याची खिडकी आम्ही दाखविली. मुलांस शाळेत आम्ही नेले. रस्ता विचारणारे आम्ही त्या दिवसांत रस्ता सांगणारे झालो. घर होण्याचे राहिलेले काम त्या बावीस दिवसांत पुरे झाले. म्हणून आमचा अनुभव असा की, छप्पर मिळाल्याने बिऱ्हाडाचे घर होत नाही. संकटात शेजारी दाराशी येतो तेव्हा ते घर होऊ लागते, आणि दुसऱ्या नवख्यास आपण दार उघडतो तेव्हा ते पुरे होते.

पूज्य फादरांनी आम्हांस एकदा सांगितले की, धर्मग्रामास इंग्रजीत जो ‘पॅरिश’ शब्द आहे, तो मूळ ‘पारोइकिया’ या ग्रीक शब्दापासून आला. आणि त्या शब्दाचा अर्थ परक्या ठिकाणी वस्तीस राहिलेल्यांचा निवास असा आहे. हे ऐकून आम्हांस फार नवल वाटले. आम्ही समजत होतो की, धर्मग्राम म्हणजे जुन्या, स्थिर लोकांची संस्था. त्यात आम्हांस उशिरा प्रवेश मिळाला. परंतु नावच सांगते की, ती मुळात नवख्यांची आहे. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली देशांतर करणाऱ्यांविषयी जे धर्मपत्र काढले, त्यात मिसर देशात पळून गेलेल्या पवित्र कुटुंबासच सर्व निर्वासितांचा आदर्श म्हटले आहे. बाळ येशूचे पहिले बिऱ्हाड परक्या मुलखात होते. तेथे योसेफाने काम कोणाकडे मागितले असेल, मरियामातेने पाणी कोणत्या विहिरीवरून भरले असेल, आणि तिला दोरी-पोहरा कोणी दिला असेल? शास्त्रात त्या शेजाऱ्यांची नावे नाहीत. परंतु शेजारी कोणी तरी असलेच पाहिजेत.

आता शेवटी एक गोष्ट सांगावयाची आहे. ती महोत्सवात सांगावी की नाही याविषयी आमच्यात मतभेद झाला. परंतु जी मंडळी गोड तेवढेच आठवतात त्यांचे आठवणे खोटे, असे आमच्यातील वयाने सर्वांत वडील बाई म्हणाल्या, आणि वाद मिटला.

सुमारे वीस वर्षांपूर्वी एक मुलगा रविवारी या मंदिरात येऊ लागला. तो शेवटच्या खांबाजवळ उभा राही. तेव्हा आपले मंदिर पक्के झाले होते, आमच्या खोल्यांचे दोन-दोन खोल्यांचे फ्लॅट झाले होते, आणि मिस्सा सुटल्यावर अंगणात हास्यविनोदाचे फड जमत. तो मुलगा थोडा वेळ कडेस उभा राही आणि निघून जाई. आम्ही त्यास पाहिले. प्रत्येकास वाटले, हा कोणाचा तरी पाहुणा असेल. दुसरा कोणी विचारील. चार महिन्यांनी तो दिसेनासा झाला, आणि तेही कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे सप्टेंबरात आम्ही हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस गेलो असता एक गृहस्थ भेटले. आमच्याच तालुक्यातले. बोलता बोलता उलगडा झाला की, तो मुलगा त्यांचा. कंत्राटावर कामास आला होता. कावीळ झाली, अंथरुणास खिळला; खोलीतील सोबत्यांनी, जे आपल्या धर्माचे नव्हते, त्याची शुश्रूषा करून त्यास गाडीत बसवून दिले. मुलगा देवदयेने बरा झाला, परंतु शहरात परत आला नाही. आम्ही ओशाळून विचारले, “त्याने आम्हांस का नाही सांगितले?” ते म्हणाले, “मी त्याला विचारले. तो म्हणाला, तिथे सगळे एकमेकांचे होते.”

बंधुभगिनींनो, या वाक्यात रागाचा एक शब्द नाही. म्हणूनच ते आम्ही आजवर विसरू शकलो नाही. ज्या वाड्याच्या मालकाने आम्हांस खोली नाकारली, त्याने निदान तोंडाने काही कारण तरी सांगितले. आम्ही त्या मुलास काहीच सांगितले नाही. आमचे दार उघडेच होते, असे आम्ही म्हणू. परंतु आत या, असे कोणी म्हटल्यावाचून नवखा मनुष्य उघड्या दारातूनही आत येत नाही.

आजही शेवटच्या खांबाजवळ कोणी ना कोणी उभे असते. आता ते केवळ नगर जिल्ह्याचे नसतात. मराठवाड्यातून बांधकामावर आलेली जोडपी असतात, झारखंड-छत्तीसगडकडच्या घरकाम करणाऱ्या मुली असतात, ईशान्येकडचे विद्यार्थी असतात, केरळातून आलेल्या परिचारिका असतात. त्यांतील कोणास आपली मराठी समजत नाही. आम्हांसही एकेकाळी त्या मंदिरातील इंग्रजी समजत नव्हती. त्यांच्या हातात आता फोन असतो. रस्ता विचारण्यास त्यांस मारुतीची खूण लागत नाही. परंतु ताप चढल्यावर पाणी कोण देईल, घरमालकाने रात्री बाहेर काढले तर पेटी कोठे ठेवावयाची, या प्रश्नांची उत्तरे त्या फोनात नाहीत, असे त्यांच्याशी बोलल्यावर आम्हांस समजले.

म्हणून वडील मंडळींची या महोत्सवात अशी विनंती आहे. दर रविवारी मिस्सा सुटल्यावर आपल्यापैकी दोघांनी मागच्या दाराशी उभे राहावे आणि नवा चेहरा दिसताच नाव, गाव व राहण्याचे ठिकाण विचारावे. परंतु ‘वस्ती कोणत्या बाजूस’ हे विचारू नये. प्रत्येक घराने वर्षातून एकदा तरी अशा एकाद्यास रविवारच्या जेवणास बोलवावे; पंचपक्वान्नांची गरज नाही, पिठले-भाकर पुरे. ज्यांस कचेऱ्यांतील कामे समजतात त्यांनी महिन्यातून एक सायंकाळ कागदपत्रांच्या मदतीस द्यावी. आणि सभागृहामागील जी खोली आज जुन्या खुर्च्यांनी भरली आहे ती रिकामी करून, नव्याने आलेल्या गरजू माणसास पंधरा दिवस पाठ टेकण्यास मिळावी. आमची भिशी अजून चालू आहे. चिठ्ठ्या काढणारे हात थोडे उरले आहेत. परंतु या वर्षीची सर्व रक्कम त्या खोलीच्या डागडुजीसाठी व दोन खाटांसाठी देण्याचे आम्ही ठरविले आहे. ती पूज्य फादरांनी स्वीकारावी. त्या खोलीस कोणाचे नाव देऊ नये, अशी आमची अट आहे.

आमचे दिवस आता फार उरलेले नाहीत. आमच्यातील पुष्कळजण त्या दफनभूमीत आधीच पोहोचले आहेत, आणि आम्हीही तेथेच जाणार. गावी नेऊन पुरा, असे आमच्यापैकी कोणीही मुलांस सांगितलेले नाही. हे शहर आमचे घर झाले, याची याहून मोठी साक्ष आम्हांपाशी नाही. ज्यांनी ते होऊ दिले, त्या सर्वधर्मीय शेजाऱ्यांचे, धर्मगुरूंचे व धर्मभगिनींचे आम्ही ऋणी आहोत. ते ऋण त्यांस परत करता येत नाही. जो पुढे येईल त्यास ते फेडावयाचे असते.

परमेश्वर या धर्मग्रामावर कृपादृष्टी ठेवो, आणि मिसर देशी परकी म्हणून राहिलेली आपली माता मरिया येथे येणाऱ्या प्रत्येक नवख्याचा हात धरो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.